पुलियात आई-बाबांसोबत: किल्ला, गुहा आणि समुद्र, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात

घरकोंबडा

नमस्कार मंडळी. बोलोन्यात येऊन मला दोन वर्षं झाली. येत्या सप्टेंबरात आई-बाबा येताहेत. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस त्यांनी मागे टूर कंपनीबरोबर पळत पळत उरकलंय. त्यामुळे ‘या वेळी गर्दी नको, रांगा नकोत, झेंडीवाला गाइड तर अजिबात नको’ असं बाबांचं फर्मान आलंय. म्हणून दक्षिणेला पुलिया ठरवलं.

बाबा 67 वर्षांचे, किल्लेवेडे. जन्मभर गड तुडवलेत, अजूनही माझ्यापेक्षा भरभर चढतात. आई 62 ची. तिचे गुडघे कुरकुरतात, वळणाच्या रस्त्यावर गाडी लागते, शाकाहारी आहे. आणि देवस्थान कुठल्याही धर्माचं असो, आत जाऊन दोन मिनिटं बसल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. मला मात्र समुद्र हवा आहे. दोन वर्षं मेलो काम करून.

मी आखलंय ते असं. 21 ला बारी, 22 ला लेच्चे, 23 ला सान जोव्हान्नी रोतोन्दो, 24 ला व्हिएस्ते, 25 ला त्रेमिती बेटं, 26 ला कास्तेल देल मोन्ते, 27 ला आल्बेरोबेल्लो, 28 ला मातेरा, 29 ला मोन्ते सान्ताञ्जेलो आणि तिथून परत. बारीला गाडी भाड्याने घेईन. भारतीय लायसन्स आहे, आंतरराष्ट्रीय परमिट आईबरोबर मागवतो.

फार पळापळ होतेय का? आईला पायऱ्या किती पडतील? आणि तेव्हा समुद्रात उतरता येतं का?

बारीकर

आधी एक विचारते. या तारखा मुद्दाम निवडल्यात का?

23 सप्टेंबर हा संत पाद्रे पिओंचा मृत्युदिन (1968), आणि ते राहिले, वारले सान जोव्हान्नी रोतोन्दोतच. आदल्या रात्रीपासून तिथे जागरण असतं, बसच्या बस भरून लोक येतात. 29 सप्टेंबर हा संत मिकाएलचा सण. म्हणजे मोन्ते सान्ताञ्जेलोची जत्राच. देवदूताच्या पुतळ्याची तलवार मिरवणुकीने गावातून फिरवतात. ‘गर्दी नको’ म्हणणाऱ्या वडिलांना तुम्ही नेमक्या त्या दोन गावांत नेमक्या त्या दोन दिवशी नेताय. पंचांग घेऊन बसला असतात तरी इतकं अचूक जमलं नसतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही इथले रहिवासी होऊन दोन वर्षं झाली ना? मग तुमचं भारतीय लायसन्स इटलीत आता चालत नाही. रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एक वर्षच चालतं, पुढे इथली परीक्षा देऊन इथलं काढावं लागतं. भारतीय लायसन्स बदलूनही मिळत नाही, तसा करार नाही. परमिट मागवून उपयोग नाही, कारण परमिट म्हणजे त्या लायसन्सचं भाषांतर. कागदोपत्री पाहिलं तर तुमचे बाबा पाहुणे म्हणून परमिटवर गाडी चालवू शकतात, तुम्ही नाही. पण उलट्या बाजूचं स्टिअरिंग, गार्गानो डोंगरातली वळणं आणि मागून हॉर्न वाजवणारे आमचे बारीवाले, हे सगळं त्यांच्या गळ्यात मारू नका.

आता आखणी. तुमच्या ठिकाणांवरून नकाशावर रेघ ओढून बघा, रांगोळी होते. लेच्चे दक्षिणेच्या टोकाला, व्हिएस्ते उत्तरेच्या. मातेरा तर पुलियात नाहीच, शेजारच्या बाझिलिकातात आहे. मी सहा वर्षं बारीत आहे, पाहुण्यांच्या चार तुकड्या फिरवल्यात, आणि आता एकच सांगते: दक्षिण सोडून द्या. लेच्चे, आल्बेरोबेल्लो, मातेरा पुढच्या खेपेला. या वेळी फक्त उत्तर पुलिया, तीन मुक्काम, बस आणि रेल्वे.

21 ते 24 त्रानी. 24 ते 26 मोन्ते सान्ताञ्जेलो. 26 ते 29 व्हिएस्ते. मग बसने फोज्जाला उतरायचं आणि थेट बोलोन्याची गाडी पकडायची, साधारण चार तास लागतात. म्हणजे 29 ला मोन्तेत जत्रा भरेल तेव्हा तुम्ही गाडीत डबा खात असाल.

त्रानी बारी-फोज्जा रेल्वेमार्गावरच आहे. तिथलं कॅथीड्रल अगदी पाण्याच्या काठावर उभं आहे, फिकट गुलाबी-पांढऱ्या दगडाचं. बांधायला 1099 मध्ये सुरुवात झाली. त्याची गोष्ट आईंना आवडेल. 1087 मध्ये बारीच्या खलाशांनी संत निकोलसच्या अस्थी मीराहून (आजच्या तुर्कस्तानातून) उचलून आणल्या आणि बारीचं भाग्य उजळलं. त्रानीवाले हात चोळत बसले. तेवढ्यात 1094 मध्ये एक ग्रीक पोरगा खांद्यावर क्रूस घेऊन, सतत ‘किरिए एलेइसोन’ (प्रभो, दया कर) ओरडत त्रानीत आला आणि तिथेच वारला. नाव काय, तर निकोलस! झालं, त्रानीलाही स्वतःचा निकोलस मिळाला. कॅथीड्रल त्याचंच. दोन मिनिटांच्या चालण्यावर सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याचा किल्ला आहे, 1233 सालचा, समुद्राला टेकलेला. 1974 पर्यंत तो तुरुंग होता. बाबा सकाळभर तिथे, आई तळघरातल्या थंडाव्यात, तुम्ही धक्क्यावर कॉफी घेऊन. कुणी कुणाची वाट बघायची नाही.

कास्तेल देल मोन्तेला त्रानीहून टॅक्सी ठरवा, जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्यासकट भाव आधी बोलून घ्या. किल्ला साधारण 540 मीटर उंचीच्या टेकडीवर आहे. गाड्या खाली थांबतात आणि वर शटल जाते, म्हणजे आईंना चढ नाही. आठ कोन, आठ कोपऱ्यांवर आठ अष्टकोनी बुरूज, आतला चौकही अष्टकोनी, दोन मजल्यांवर आठ-आठ दालनं. फ्रेडरिकने 1240 च्या सुमारास काम काढलं, 1250 मध्ये तो वारला. आत एकही खुर्ची नाही, संगमरवर शतकानुशतकं लोकांनी ओरबाडून नेला. रिकामा आहे म्हणून काही जण नाराज होऊन परततात. मला तो रिकामा आहे म्हणूनच आवडतो. चौकात मधोमध उभं राहून वर बघायचं, आभाळसुद्धा आठ कोनांचं दिसतं.

बाबांसाठी एक काम: इटलीत पाडलेल्या 1 सेंटच्या नाण्यावर हाच किल्ला आहे. ती नाणी 2018 पासून पाडणं बंद केलंय, तेव्हा आतापासूनच सुटे पैसे चाळायला लागा.

मोन्ते सान्ताञ्जेलोबद्दल रात्री लिहिते. त्यावर घाईत लिहायचं नाही.

बुरुजावरून

बारीकर यांची आखणी चोख आहे, फक्त एक सूचना. वडील खरे किल्लेवेडे असतील तर कास्तेल देल मोन्ते बघून ते भांडतील. खंदक नाही, उपसता पूल नाही, घोडदळ ठेवायला जागा नाही. मी तिथे दोन तास ‘याचा बचाव कसा करायचा’ हेच शोधत होतो. तीन बुरुजांत चक्री जिने आहेत, काहींत चक्क शौचकूप आणि पावसाचं पाणी साठवायची सोय. अभ्यासक शिकारीचा वाडा म्हणतात, कुणी सत्तेचं प्रदर्शन म्हणतात. एवढं मात्र खरं की नंतर तुरुंग म्हणून तो उत्तम चालला. फ्रेडरिकचा मुलगा मान्फ्रेदी 1266 मध्ये बेनेव्हेन्तोच्या लढाईत पडला, आणि त्याच्या लहान मुलांना आजोबांच्याच या वास्तूत कोंडलं गेलं. कित्येक वर्षं.

खरा किल्ला बघायचा तर लुचेरा. फोज्जाच्या पश्चिमेला आहे, अर्ध्या दिवसात होतो. फ्रेडरिकने सिसिलीतल्या बंडखोर मुसलमानांना तिथून उचलून इथे वसवलं, मशिदी बांधू दिल्या आणि त्यांच्याच धनुर्धाऱ्यांवर विसंबून पोपशी लढला. ख्रिस्ती सम्राट, इटलीत मुसलमानी शहर, आणि त्याचं सगळ्यात इमानी सैन्य तेच! 1300 मध्ये आंजू या फ्रेंच घराण्याच्या दुसऱ्या चार्ल्सने ते शहर मोडलं, माणसं गुलाम म्हणून विकली. आज तटाचा जवळजवळ 900 मीटरचा घेर उभा आहे (तो आंजूवाल्यांचा) आणि आत फ्रेडरिकच्या महालाचं नुसतं जोतं. गवत, वारा आणि खाली पसरलेलं मैदान. मी गेलो तेव्हा आत मी आणि एक कुत्रा.

बारीकर

लुचेरा मान्य. फोज्जात गाडी बदलतानाचा अर्धा दिवस त्याला द्या. आईंना मात्र त्या दिवशी स्टेशनजवळच्या बारमध्ये बसवू नका, कंटाळतील, त्यांनाही न्या. गावातलं कॅथीड्रल त्याच 1300 नंतरचं आहे, मोडलेल्या शहराच्या जागेवरचं.

आता मोन्ते सान्ताञ्जेलो. गाव जवळजवळ 800 मीटरवर. खाली मान्फ्रेदोनियाला तुम्ही घामाघूम असता आणि वर ढगात शिरता, म्हणून स्वेटर हवाच. मान्फ्रेदोनियाहून वर चढताना नागमोडी वळणं आहेत. आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि त्याआधी काही खाऊ देऊ नका. माझ्या आईने खाल्लं होतं. पुढचं लिहीत नाही.

कथा अशी. गार्गानो नावाच्या धनिकाचा बैल हरवला. सापडला तो डोंगरातल्या गुहेच्या तोंडाशी, काही केल्या हलेना. चिडून त्याने बाण मारला, तर बाण उलटा फिरून त्यालाच लागला. मग बिशपला देवदूत मिकाएलचा दृष्टांत झाला: ही गुहा माझी आहे. परंपरा सन 490 सांगते. मी ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा ती म्हणाली, ‘अगं, मग हे स्वयंभूच की!’ आणि गंमत म्हणजे तिथली श्रद्धाही तीच आहे: ही गुहा कुणा बिशपने अभिषेक करून पवित्र केलेली नाही, देवदूताने स्वतः केली.

रस्त्यावरून दोन कमानींचं दार दिसतं, शेजारी अष्टकोनी मनोरा. (अष्टकोन इथेही सुटत नाही. हा आंजूच्या चार्ल्सने बांधला.) दारातून आत गेलं की देऊळ वर नाही, खाली आहे. 86 पायऱ्या. रुंद आहेत, मध्ये थांबायला जागा आहेत, पण आहेत 86, आणि त्याच चढून यायचंय. भिंतींवर आणि दगडांवर हाता-पायांच्या आकृत्या कोरलेल्या दिसतील. यात्रेकरूंनी आपला पंजा दगडावर ठेवून भोवती रेघ ओढली, बस. नाव नाही, गाव नाही. लोम्बार्ड या जर्मानिक टोळीच्या राजवटीतल्या जुन्या भागात तर इंग्लंडहून आलेल्या यात्रेकरूंनी रून या प्राचीन जर्मानिक लिपीत नावं खरवडलीत; त्यातला एक हेरेबेरेख्त. बाराशे वर्षांपूर्वी एवढं चालून आलेला माणूस शेवटी भिंतीवर नावच लिहितो, हे बघून मला गडांवरच्या बदामांबद्दल थोडं कमी वाईट वाटायला लागलं. थोडंच.

खाली पितळी रंगाची काशाची दारं आहेत, 1076 मध्ये कॉन्स्टन्टिनोपलला घडवलेली, 24 चौकटींची. आमाल्फीच्या एका श्रीमंत घराण्याने दिली. त्यावर देणगीदाराने कोरून ठेवलंय की वर्षातून एकदा ही दारं घासूनपुसून लख्ख करा. देणगी देऊन वर भांडी घासायची सूचना! माझ्या सासूबाईंना हा माणूस फार पटला.

आणि मग एकदम खडक. छत म्हणजे डोंगराचा कच्चा दगड, ओलसर. शिल्पकार सान्सोव्हिनोने 1507 मध्ये घडवलेला पांढरा देवदूत, पायाखाली सैतान. 1216 मध्ये असिसीचा फ्रान्सिस इथवर आला आणि ‘मी आत जायच्या लायकीचा नाही’ म्हणून दारातूनच परतला असं सांगतात.

माझा खरा मुद्दा हा: इथे रात्री राहा. सगळे लोक सान जोव्हान्नीहून दोन तासांसाठी येतात, अकरा ते चार या वेळेत पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी बस निघून जातात. सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली उतरा. गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्या, एक पाद्री आणि छतावरून टपकणारं पाणी. आम्ही पहिल्या दिवशी दुपारी गेलो होतो, तेव्हा आईला कुणीतरी कोपराने ढकललं. ती रुसून वर आली, म्हणाली बघितलं, चला. दुसऱ्या दिवशी सहाला उठून तीच माझ्या दारात उभी, साडी नेसून. खाली गेल्यावर तिची दोन मिनिटं चाळीस झाली.

बाबांसाठी वरच्या टोकाला नॉर्मन किल्ला आहे, त्यातला पाच कोनांचा राक्षसांचा बुरूज बघा. त्यांना बचावाबिचावाचं समाधान इथे मिळेल.

सान जोव्हान्नी रोतोन्दो 25 ला बसने करून या, तोवर 23 ची गर्दी ओसरलेली असेल. वास्तुरचनाकार रेन्झो पियानोचं 2004 मधलं प्रचंड चर्च आहे, जवळच्याच अप्रिचेनाच्या दगडाच्या कमानी, साडेसहा हजार लोक बसतात. मला ते विमानतळासारखं वाटलं. त्यापेक्षा पाद्रे पिओंनी देणग्यांतून उभारलेलं, 1956 मध्ये सुरू झालेलं हॉस्पिटल बाहेरून बघताना जास्त भिडलं. माझं हे मत इथे जाहीरपणे बोलायची सोय नाही, शेजारणीच्या स्वयंपाकघरात त्यांची तसबीर आहे.

मुळा_मेथी

फक्त खाण्याबद्दल. शाकाहारी माणसाची पुलियात चैन आहे, पण दोन सापळे आहेत. ओरेक्किएत्ते हा कानाच्या पाळीसारखा पास्ता ‘चिमे दी रापा’ या पालेभाजीबरोबर मिळतो. दिसतो निव्वळ शाकाहारी, पण त्यात बहुतेकदा अन्चोव्ही मासा विरघळवलेला असतो. ‘सेन्त्सा अच्चूगे’ म्हणायला आईंना शिकवा. नुसतं ‘व्हेजेतारियाना’ म्हणून भागत नाही, मासा हा त्यांच्या लेखी भाजीचाच लांबचा नातेवाईक. दुसरं, काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं. आई ते पाळत असतील तर विचारून घ्या.

डोळे मिटून मागवावं असं म्हणजे ‘फावे ए चिकोरिए’. सोललेल्या सुक्या बाकल्यांचं घोटलेलं वरण म्हणा हवं तर, त्यावर कडसर रानभाजी आणि कच्चं ऑलिव्ह तेल. माझ्या बाबांनी त्यात लिंबू पिळलं आणि वेटर बघतच राहिला. मोन्तेत ‘ओस्तिए’ घ्या, दोन पातळ पापड्यांमध्ये मधात परतलेले बदाम. चिक्कीची श्रीमंत बहीण.

आणि दुपारी साधारण दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात, ती रात्री साडेसातपर्यंत. साडेतीनला भूक लागली तर फोकाच्चा (जाड भाजलेली रोटी) आणि ताराली (खुसखुशीत कडबोळी) यांवर भागवायचं.

घरकोंबडा

लायसन्सचं वाचून हादरलोच. कुणीच सांगितलं नव्हतं. बाबांना फोनवर आखणी वाचून दाखवली. लुचेराचं ऐकून म्हणाले, ‘आल्बेरोबेल्लो म्हणजे काय होतं तसं?’ म्हणजे दक्षिण कापली. आईने 86 पायऱ्या ऐकल्या आणि गप्प बसली. मग म्हणाली, मी वर बाकावर बसेन, तुम्ही जाऊन या. तिला हे नेहमीचं झालंय, आणि मला तेच नकोय. काय करू?

समुद्राचं उत्तर राहिलंय. त्रेमिती?

बारीकर

त्रेमिती सोडा. सप्टेंबरच्या शेवटी बोटी कमी होतात, आणि गाडी लागणाऱ्या बाईला बोट लागणार नाही याची खात्री काय? व्हिएस्तेला तीन रात्री आहेत, त्यात तुमची भूक भागेल. पाणी अजून उबदार असतं, छत्र्या-खुर्च्या गुंडाळायला सुरुवात झालेली असते, म्हणजे वाळू तुमचीच. गावाच्या दक्षिणेला किल्ल्याखालचा किनारा सरळ वाळूचा आणि उथळ, आईंनाही घोट्याएवढ्या पाण्यात चालता येईल. तिथेच पित्सोमुन्नो, सुमारे 25 मीटर उंच पांढरा सुळका. तो मूळचा कोळी, जलपऱ्यांनी त्याची प्रेयसी समुद्रात ओढून नेली म्हणून दगड झालेला. शंभर वर्षांतून एका रात्री भेट होते म्हणे. किल्ला आतून बघायला मिळत नाही, सैन्याकडे आहे, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. त्यांना त्राबुक्को दाखवा: खडकावरून समुद्रात झुकलेल्या लांबलांब लाकडी काठ्या, दोरखंड आणि खाली सोडलेलं जाळं. मासे धरायचं यंत्रच, पण कोळ्याने विणलेल्यासारखं. आठ पायांचा कोळी म्हणतेय मी.

मोन्तेहून व्हिएस्तेला जाताना मात्तिनातानंतरचा किनाऱ्याचा रस्ता वळणांचा आहे, तो सकाळी उपाशीपोटी करा. आणि मधला रविवार कुठे येतो ते कॅलेंडरवर बघून घ्या. रविवारी बस जवळजवळ नसतातच. मी एकदा सासू-सासऱ्यांना घेऊन थांब्यावर दोन तास चाळीस मिनिटं उभी होते, वेळापत्रकातली बारीक खूण न वाचल्यामुळे. समोरच्या बारवाल्याने शेवटी खुर्च्या आणून दिल्या आणि स्वतःही येऊन बसला. तिकिटं आदल्या दिवशी तंबाखूच्या दुकानातून घेऊन ठेवा.

आता आई. त्यांना वर बाकावर बसवू नका. माझ्या आईचा एक गुडघा बदललेला आहे. आम्ही असं केलं: सकाळी लवकर, मागे-पुढे कुणी नसताना, कठडा धरून, प्रत्येक टप्प्याला थांबून. वर यायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. मध्ये एका थांब्यावर भिंतीवरच्या कोरलेल्या पंजावर तिने सहज आपला हात ठेवला, अगदी मापात बसला. ‘बाईचा दिसतोय,’ म्हणाली, आणि मग मला न विचारता पुढच्या पायऱ्या चढायला लागली.

रात्रीचं हॉटेल दाराजवळचं घ्या, जुन्नो नावाच्या जुन्या पांढऱ्या वस्तीत नको. सुंदर आहे, पण तिथे सगळीकडे पायऱ्याच आहेत, त्या कुणी मोजलेल्याही नाहीत.

घरकोंबडा

ताई, मोन्तेच्या दोन रात्री बुक केल्या, दारापासून शंभर पावलांवर. आईला पंजाचं सांगितलं. तिने विचारलं, पंचवीस मिनिटं म्हणजे तिचा कुठला गुडघा बदललेला, डावा की उजवा?

बारीकर

उजवा. आणि कठडा चढताना कुठल्या हाताला येतो ते उद्या आईला फोन करून विचारते, तिला नक्की आठवत असेल.